तळ्याचा पैसा कोणाच्या हाती

तळे वाचवायचे म्हणजे पाळीवर फरशी घालायची, काठाने शोभेची रोपे लावायची आणि निधी देणाऱ्याच्या नावाचा फलक उभारायचा, अशी समजूत अलीकडे पक्की होत चालली आहे. अहवालात याच कामाला ‘अधिवास पुनर्स्थापना’ म्हणतात. ज्या उथळ, गवताळ काठावर पाणपक्षी घरटी करतात, तो काठ सर्वांत आधी बुजतो तो याच कामात. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. म्हणून इथे ही समजूत अधिक घातक आहे.

इंग्रज साहेबांच्या शिकारीपासून १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९७३चा व्याघ्र प्रकल्प इथपर्यंतची वाट वाचकांना ठाऊक आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचे काम आणि लेखक मारुती चितमपल्लींनी मराठी घरांत पोचवलेले नवेगावचे रान यांवरही नव्याने सांगायला नको. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला लावले. निधी वाढला, पण तो कोणी वापरायचा हा प्रश्न मागेच राहिला.

त्या प्रश्नाचे मूळ मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची व्यवस्था, रद्द झाली त्या १९५०-५१ मध्ये आहे आणि तेच वळण आपण चुकीचे वाचतो. पूर्व विदर्भातले हजारो मालगुजारी तलाव गोंड राजवटीपासून उभे राहिले. बांधणीचे कसब मुख्यतः कोहळी समाजाचे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि पैशाअभावी ते गाळाने भरले, अशी कहाणी सांगितली जाते. तिच्यात मालगुजाराबद्दल हळहळ असते, ती मला मान्य नाही. मालगुजारी ही जुलमाचीही व्यवस्था होती. गाळ काढणारे हात त्याचे नव्हतेच, गावाचे होते. १९५१ नंतर तुटला तो निर्णयाचा धागा. पाणी शेतकऱ्याचे, मासे मच्छीमार ढिवराचे, पण तळ्याचे काय करायचे हे ठरवणारे कार्यालय दूर गेले. मुदतीच्या ठेक्यात रोहू-कटल्याचे बीज सोडून मासळी काढणे परवडते. देशी मासे आणि ते जिथे अंडी घालतात त्या पाणवनस्पती ठेक्याच्या हिशेबात येत नाहीत. बेशरम हे तण माजत गेले ते याच काळात.

‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’ने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने उलटी वाट धरली. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, हे त्यांनी ढिवरांना विचारले. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या. या कामात मोठा खर्च मजुरीचा असतो आणि ती मजुरी गावातच राहते. फलक लावण्यासारखे त्यात फारसे काही नाही, म्हणूनच देणगीदारांना ते आकर्षक वाटत नसावे.

कायदा मात्र याच बाजूने आहे. २००६च्या वनाधिकार कायद्याने वनक्षेत्रातील पाणवठ्यांतले मासे व इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. हा हक्क जिथे मिळाला आहे तिथे निधी ग्रामसभेच्या खात्यात जावा, कामाची यादी ढिवर संस्थेने करावी आणि देणगीदाराने किमान काही पावसाळे थांबून मासे व पक्षी मोजायला यावे. फरशीचे पैसे मागणारा प्रस्ताव आला, तर ग्रामसभेने तो परत पाठवावा.