बरे होणे आणि बरे राहणे

स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या दोन स्त्रिया डोळ्यांपुढे आणू या. दोघीही परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या. एक शिक्षिका, दुसरी शेतमजूर. शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या की तो हात सुजण्याचा धोका आयुष्यभर राहतो. म्हणून हाताला जखम होऊ देऊ नका, एकाएकी जड ओझे उचलू नका, तपासणी चुकवू नका, असे डॉक्टर दोघींनाही सांगतात. शिक्षिका हा सल्ला पाळू शकते. परंतु मजूर स्त्रीने कापूस वेचायचा कसा? वाळलेल्या बोंडांची टोके बोटांत रुततातच.

छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे; महात्मा फुले योजनेतून गरिबांवर उपचारही होतात. हे कार्य मोठेच आहे. पण तपासणीपायी बुडालेली मजुरी त्या हिशेबात धरली जात नाही.

बरे होणे हा हक्क मानला, तर बरे राहणे हाही हक्क मानावा लागेल. मग अशा स्त्रीला हलके काम आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी देणे ही दया नव्हे, तिचे देणे ठरते. आपल्या शेतात, आपल्या घरी राबणाऱ्या बाईला आपण ते देतो का?