सांगा, काय करू?

निफाडकडचा एक द्राक्ष बागायतदार. ऐन काढणीच्या तोंडावर गारपीट झाली, घड मातीत गेले, सोसायटीचं कर्ज मात्र तसंच उभं राहिलं. तेव्हापासून त्याची झोप उडाली. पोरांवर विनाकारण खेकसायचा, ताटावरून अर्धपोटी उठायचा. भावकी म्हणाली, करणी आहे. बायको म्हणाली, "अहो, सिव्हिलला मनाचे डॉक्टर बसतात. एकदा जाऊन तर येऊ."

डॉक्टरांनी तपासलं, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. सोसायटी, औषधांची उधारी, मजुरी, पोरीची फी. कागद पुढे सरकवून म्हणाला, "सांगा, काय करू? जमीन विकू की ठेवू?"

"ते मी नाही सांगणार, दादा. ते तुम्ही ठरवायचं. ठरवता येईल इतकं मन ताळ्यावर आणायला मी मदत करीन."

मग त्या म्हणाल्या, "इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. पण कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी गप्प बसणार नाही. हे आधीच सांगून ठेवते." आणि लगेच विचारलं, "जीव द्यावा, असं मनात येतं का?"

इतकं सरळ त्याला कुणीच विचारलं नव्हतं. विचारल्यानं तसले विचार डोक्यात शिरतात, अशी लोकांना भीती असते. ती खोटी आहे. तो खाली बघत म्हणाला, "येतं."

मॅडम दचकल्या नाहीत, त्यांनी उपदेशही केला नाही. कधी येतं, तेव्हा जवळ कोण असतं, एवढं विचारून घेतलं. त्याच्या संमतीनं बायकोला आत बोलावलं. फवारणीची औषधं भावाच्या घरी कुलपात ठेवायची आणि रात्री एकट्यानं बागेत जायचं नाही, असं तिघांनी मिळून ठरवलं.

दुसऱ्या खेपेला तो चिडूनच आला. "नुसतं बोलून काय होतंय? गाडीभाडं वाया."

"बरं झालं तोंडावर बोललात," मॅडम म्हणाल्या. "कशाचा उपयोग वाटला नाही, तेही सांगा." रागावतील असं त्याला वाटलं होतं. समुपदेशकाशी असं मोकळं बोलता येतं, बोलावंच. कुणाशी सूर जुळला नाही, तर दुसऱ्याकडे जाण्यातही काही गैर नाही.

त्या दिवशी त्यांनी अभ्यास दिला. झोप मोडली की मनात आलेलं वहीत लिहायचं. पुढच्या खेपेला वहीत एकच वाक्य पाच ठिकाणी होतं: मी घर बुडवलं.

"गार कुणी पाडली?" मॅडमनी विचारलं.

"पण कर्ज तर माझंच आहे ना?"

"हो, कर्ज तुमचं. गार तुमची नाही."

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

गार, कर्ज, बाजारभाव यांतलं काहीच समुपदेशनानं बदलत नाही, आणि दोन-चार बैठकांत चमत्कारही होत नाही. पण काही आठवड्यांनी तो आपणहून सोसायटीत गेला, कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज केला आणि जमीन ठेवायचं ठरवलं.

भावकीतल्या एकानं विचारलं, "बाईंनी तोडगा काय दिला रे?"

"तोडगा नाही दिला. तुझा धाकटा झोपत नाही म्हणत होतास ना? त्याला १४४१६ला फोन लावायला सांग. टेलि-मानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागतो. नाहीतर सोमवारी त्याला माझ्याबरोबर पाठव. मला जायचंच आहे."