पाठविणे आणि पोहोचविणे

आपल्या भाषेत 'पाठविणे' आणि 'पोहोचविणे' ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी नांदतात. पत्र पेटीत टाकले की ते पाठविले. ज्याचे त्याच्या हाती पडले की ते पोहोचले. मधला प्रवास पोस्टमनच्या पायांचा. पत्राच्या बाबतीत हा फरक लहान मुलालाही कळतो. लहान मुलाच्या बाबतीत मात्र तो मोठ्यांना कळेनासा होतो. तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात एक प्रश्न माझ्या मनात सतत घोळत राहिला आहे. आतून खचलेल्या मुलाविषयीचे माझे कर्तव्य नेमके कोठे संपते? त्याला योग्य माणसाकडे पाठविले तेथे, की ते पोहोचले तेथे?

आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातले एखादे मूल डोळ्यांसमोर आणा. इयत्ता आठवी. आईवडील ऊसतोडीला गेलेले, नाहीतर पुण्या-मुंबईकडे बांधकामावर. घरी आजी आणि धाकटे भावंड. दिवाळीच्या सुट्टीनंतर मूल गप्प गप्प होते. वर्गशिक्षक म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. आजी म्हणते, बाहेरची बाधा झाली. डॉक्टर अशक्तपणाच्या गोळ्या देतात. अंगणवाडीच्या ताईंना धाकट्याचे वजन घटलेले दिसते. वडिलांचे पिणे वाढले आहे, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. यांपैकी वाईट कोणीच नाही आणि खोटेही कोणी बोलत नाही. पण प्रत्येकाच्या हाती एकेकच तुकडा आहे, आणि मूल तर अखंड आहे. खाती वेगळी असतात. दुःख खातेनिहाय येत नाही.

अशी मुले अपवादात्मक असतात, हा आपला गोड समज आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. तीनशे विद्यार्थ्यांच्या हायस्कुलात हे प्रमाण धरले, तर वीसेक मुले होतात. त्याच पाहणीत मोठ्यांच्या आजारांबाबत असे दिसले की, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. येथेही क्रियापद 'पोहोचणे' हेच आहे.

कोणी म्हणेल, मनाचे डॉक्टर मोठ्या शहरांत. खेड्यातल्या माणसांनी करायचे काय? या शंकेचे उत्तर आपल्याच कल्याण कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्याने पूर्वीच दिले आहे. १९८५ पासून निम्हान्सने राज्य सरकारच्या साहाय्याने तेथे एक प्रयोग चालविला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना आणि घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना थोडक्या दिवसांचे शिक्षण दिले, मोजकी औषधे केंद्रातच ठेवली, साध्या नोंदी ठेवायला लावल्या, आणि अवघड रुग्णांसाठी तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवला. त्या अनुभवावरच १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. ज्या विभागाला सारा देश मागासलेला म्हणतो, त्यानेच देशाला ही वाट दाखविली, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे.

पुढे कायदाही आला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमाने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला, आणि त्यात मुलांसाठीच्या सेवेचा स्वतंत्र उल्लेख केला. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही फोनसेवा सुरू झाली. म्हणजे दारे आहेत. पण दार आणि मूल यांच्यामध्ये एक अंगण असते. ते ओलांडायला मुलाला कोणाचे तरी बोट लागते. ते बोट कोणाचे, हे कायदा सांगत नाही. तेथून नीतीचा प्रांत सुरू होतो.

या प्रांतात तीन पेच आहेत. पहिला गुप्ततेचा. पाच जणांनी एकत्र येऊन मुलाचा विचार करायचा म्हणजे त्याची गोष्ट पाच कानांवर जाणार. गावात कान आणि तोंड यांत अंतर फार थोडे. मुलगी असेल तर 'डोक्याने कमी' हा शिक्का तिच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून मला वाटते, सहकार्य म्हणजे सगळ्यांनी सगळे जाणणे नव्हे. ज्याला जे करायचे आहे, तेवढेच त्याला ठाऊक असावे. आणि कोणाला काय सांगणार, हे मुलाला व घरच्यांना आधी विचारावे. ज्याच्या भल्यासाठी बोलायचे, त्याच्या पाठीमागे बोलू नये.

दुसरा पेच श्रद्धेचा. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूरला बाधा झालेल्यांना घेऊन कितीतरी कुटुंबे येतात. सुशिक्षितांना त्यांचा राग येतो. मला येत नाही. ती आजी नातवाला टाकून देत नाही, पदरमोड करून त्याला कोठेतरी नेते आहे. पाठविणे आणि पोहोचविणे यांतला फरक आपल्यापेक्षा तिला अधिक कळतो. मात्र श्रद्धेच्या नावाखाली माणसाला साखळदंडाने बांधले की काय होते, हे तामिळनाडूतील एरवाडीने दाखविले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे लागलेल्या आगीत २८ जीव जळून गेले. बांधलेल्यांना पळताही आले नाही. याउलट गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुव्याबरोबर दवाही देण्याचा उपक्रम झाला. आजीला देवापासून तोडण्याची गरज नाही. तिच्या वाटेवर डॉक्टर भेटला पाहिजे.

तिसरा पेच भाषेचा, आणि तो खास आपला. मूल रडते मराठीत, शाळेत उत्तर देते कन्नडमध्ये, गल्लीत भांडते दखनीत. औषधाचे नाव कोणत्याही भाषेत सांगता येते. भीतीचे कारण मात्र ज्या भाषेत आई अंगाई म्हणते, त्याच भाषेत सांगता येते. शिवाय हवापाण्यासारखे दवाखानेही आपण सीमेपलीकडचे वापरतो: कोणी उदगीर-लातूरला जातो, कोणी सोलापूरला, कोणी हैदराबादला. रुग्ण सीमा ओलांडतो, त्याचे कागद ओलांडत नाहीत. निदान औषधाची चिठ्ठी आणि पुढची तारीख शाळेच्या किंवा आशाताईंच्या वहीत उतरून घ्यावी. याला ना दुभाषा लागतो, ना सरकारी ठराव.

राहता राहिला टिकण्याचा प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या सीमेलगतची गावे जमीनदोस्त केली. मदतीच्या गाड्या आल्या, काही महिन्यांनी परतल्या. मुलांच्या मनातली भीती काही गाड्यांबरोबर परतली नसेल. मनाचा घाव मदतीच्या मुदतीत भरत नाही. आपले उपक्रम फीत कापून सुरू होतात आणि साहेबांच्या बदलीबरोबर निजतात. म्हणून मला मोठ्या योजनेपेक्षा एका छोट्या नियमाचा भरवसा अधिक वाटतो. प्रत्येक अशा मुलामागे एका मोठ्या माणसाचे नाव असावे. शिक्षक असो, आशाताई असो, परिचारिका असो; 'ते मूल गेले का? परत आले का? पुढच्या महिन्याचे काय?' हे विचारणे त्याचे काम. त्याची बदली झाली तर पदभार देताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हे नावही पुढच्याच्या हाती द्यावे.

बाराव्या शतकात आपल्या बसवकल्याणात अनुभव मंटप भरत असे. परीट, चांभार, नावाडी अशा नाना व्यवसायांचे शरण तेथे एका बैठकीवर बसत, असे परंपरा सांगते. अंबिगर चौडय्या हा त्यांतला नावाडी. मला तो या प्रश्नात फार जवळचा वाटतो. कारण नाव किनाऱ्यावरून ढकलून दिली म्हणजे नावाड्याचे काम झाले, असे जगात कोणीही मानत नाही. उतारू पैलतीरावर पाय ठेवतो, तेव्हाच ते संपते. आठवीतल्या त्या मुलाच्या बाबतीत शिक्षकाला, डॉक्टरला, आजीला आणि सरकारला याहून वेगळा न्याय लावण्याचे कारण मला तरी दिसत नाही.