जागेपणीं शस्त्रक्रिया

निद्रेंत हातांकडून व्रतभंग झाला म्हणून गोरोबा कुंभारांनीं ते तोडले, आणि पुढें पंढरपुरीं कीर्तनाच्या रंगांत ते पुन्हां फुटले, असें परंपरा सांगते. झोपेंत दोषी ठरलेले हात जागेपणीं परत मिळाले, हा त्या कथेंतील भाग आम्हांस विशेष वाटतो. कारण तुटलेला हात सांधतांना रुग्णास निजवावें कीं जागें ठेवावें, हा प्रश्न आज खरोखरच उपस्थित झाला आहे.

पंढरपुराभोंवतालचा मुलूख उसाचा. समजा, एखाद्या तोडकऱ्याच्या बोटाची कंडरा, म्हणजे बोट वाकविणारी दोरी, कोयत्यानें तुटली. जुन्या रीतीनें दंडास पट्टा आवळावयाचा; तो फार वेळ सोसवत नाहीं म्हणून बहुधा पूर्ण भूल द्यावयाची; आणि गडी नुकताच जेवलेला असला तर तासन्‌तास खोळंबावयाचें. आतां लिग्नोकेनमध्यें अ‍ॅड्रेनालिन मिसळून हातांतच टोचतां येतें. सुमारें अर्ध्या तासांत रक्तस्राव आटोक्यांत येतो, पट्टा लागत नाहीं, आणि कंडरा सांधल्यावर शल्यवैद्य म्हणतो, "बोट वाकवा पाहूं." सांधा तग धरतो कीं नाहीं, हें जखम मिटविण्यापूर्वींच दोघांसही दिसतें.

अ‍ॅड्रेनालिननें बोट मरतें, असें वैद्यकाचे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्या भीतीचा उगम बहुतांशीं प्रोकेनच्या काळांतला. २००५ सालीं कॅनडांतील डॉ. डोनाल्ड लालोंड व त्यांचे सहकारी यांनीं लागोपाठच्या ३११० रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली; त्यांत एकाचेंही बोट गेलें नव्हतें. विद्वानांचींही सोंवळीं असतात, तीं अशीं!

१८४६ सालीं बोस्टन येथें ईथरचा प्रयोग यशस्वी झाला, तेव्हां वेदना व जाणीव हीं दोन्ही एकदमच गेलीं, आणि त्या निद्रेस जगानें दया मानलें. आतां तीं निराळीं करितां येतात. वेदना हरण करणें हें वैद्याचें कर्तव्य खरें. पण जाणीव ही रुग्णाची स्वतःची वस्तु आहे. ती त्यास न विचारतां काढून घेण्याचा, तसाच त्याच्यावर लादण्याचाही, अधिकार कोणास आहे असें आम्हांस वाटत नाहीं. भूलतज्ज्ञ मिळत नाहीं एवढ्याचसाठीं गरिबास जागें ठेवणें ही निवड नव्हे, टंचाई होय. ज्यास रक्त पाहवत नाहीं त्यास पडदा हवा. कदाचित् झोपही हवी.

शिवाय जागा माणूस ऐकतो. वैद्यांस आपसांत घरगुती गप्पा मारण्याची सोय तेथें राहत नाहीं. सांधलेली कंडरा कित्येक आठवडे जपावी लागते, आणि ज्याची रोजी त्या हातावर तो टेबलावरूनच विचारतो, "डाक्टरसाहेब, कोयता कवा धरता येईल?" निजलेल्या माणसास हें उत्तर देण्याची पाळी दुसऱ्या दिवशीं, बहुधा दुसऱ्याच कोणावर येत असे.