दोन जागांची मोटार

माणसाला मोह होतो यात नवल नाही. नवल हे, की मोह झाल्याबरोबर तो त्याला मोह म्हणत नाही, गरज म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात हा अनुभव मला फार जवळून आला. विषय तसा घरगुती आहे. नेसरीसारख्या गावातल्या पंचेचाळिशीच्या एका मास्तराने जुनी स्पोर्ट्‌स मोटार विकत घ्यावी की घेऊ नये, एवढाच प्रश्न. पण त्या एवढ्याशा प्रश्नाने मला दोन महिने झोपू दिले नाही, आणि मी स्वतःला किती सफाईने फसवू शकतो हे मला दाखवून दिले.

गोष्टीची सुरुवात 1998 ची. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. वाचनालयात एका नियतकालिकात मोटारीचे चित्र पाहिले. लाल रंग, उघडे छत, जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी, आणि जागा फक्त दोन. नाव 'सॅन स्टॉर्म'. अशी मोटार इटलीत किंवा इंग्लंडात तयार होत असेल तर आमच्यासारख्याने नुसते पान उलटावे. पण ही तयार होत होती गोव्यात! नेसरीहून आजऱ्याला जावे, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी गाठावी, बांदा ओलांडला की गोवा आलाच. आमच्या गावचे लोक त्या वाटेने कितीदा तरी जातात. स्वप्न परदेशी असले की त्याचा त्रास होत नाही. ते शेजारच्या गावचे असले की छळते. मी ते चित्र कापून घेतले नाही, कारण वाचनालयाच्या पुस्तकांना कात्री लावू नये अशी आमच्या घरची शिकवण होती. पण ते डोळ्यांत राहिले ते राहिलेच.

मग नोकरी, लग्न, मुलगी, घराचे पत्रे, आईचे गुडघे, अशी सत्तावीस वर्षे निघून गेली. ती मोटार बनायची कधीच बंद झाली. आणि या एप्रिलमध्ये, सध्या गोव्यात नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सहज बोलता बोलता सांगितले, "गुरुजी, तुम्ही वर्गात एकदा ज्या गाडीचं सांगितलं होतं, तसली एक इथं विकायला आहे." वर्गात मी त्या गाडीबद्दल कधी बोललो होतो हे मला आठवतसुद्धा नव्हते. पोरे गणित विसरतात, आणि हे लक्षात ठेवतात.

मालकाने किंमत सव्वातीन लाख सांगितली होती. योगायोग असा, की माझ्या पोस्टाच्या पासबुकात तेवढीच रक्कम होती. तीन कादंबऱ्या आणि वीसेक वर्षांचे दिवाळी अंक मिळून जमलेली ही पुंजी. पगार घराचा आणि हे लिखाणाचे पैसे 'माझे', अशी एक विभागणी मी मनाशी केली होती. घरात ती कुणी मागितली नव्हती, आणि कुणी नाकारलीही नव्हती.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो आणि मोटार का घ्यावी याची कारणे लिहू लागलो. पहिले कारण: अशा मोटारी आता दुर्मीळ होत चालल्या आहेत, तेव्हा किंमत वाढेल, म्हणजे ही एक गुंतवणूकच. दुसरे: शाळेला आणि तालुक्याला जाण्यायेण्याची सोय होईल. तिसरे: आमच्या दारातली मारुती 2009 सालची आहे, तिची पंधरा वर्षे भरल्यावर तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली आहे, ती किती दिवस पुरणार? चौथे कारण तर फारच उदात्त होते. लेखकाला अनुभव हवा; या मोटारीवर मी कादंबरी लिहीन!

सकाळी ती वही पुन्हा वाचली तेव्हा मला माझीच लाज वाटली. पहिले कारण मी आयुष्यात कधी एक शेअर न घेता लिहिले होते. दुसऱ्याबद्दल बोलायलाच नको, आमच्या एस.टी. स्टँडासमोरचा गतिरोधक ओलांडताना त्या ठेंगण्या मोटारीचे पोट घासणार, आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे तिची सारी चपळाई उभी राहणार. तिसऱ्या कारणात तर मी पंधरा वर्षांच्या मोटारीला म्हातारी ठरवून तिच्या जागी वीस वर्षांची आणू पाहत होतो. विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले असते, तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

तरीही मी गोव्याला गेलो. बरोबर गडहिंग्लजचे एक मेस्त्री घेतले. जुनी मोटार कशी पाहावी हे या माणसाकडून शिकावे. त्यांनी मालकाला आधीच बजावले होते, की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गरम इंजिन रोग लपवते. थंड इंजिन सुरू करून ते मागे जाऊन धूर पाहत उभे राहिले. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पांढरा धूर थांबतच नसेल तर आत पाणी शिरते, काळा म्हणजे पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जाते. इथे तिन्ही नव्हते. अंग पत्र्याचे नसून फायबरचे, त्यामुळे गंजाची भीती नाही. पण दरवाजाच्या कडेला दोन बारीक तडे होते, त्यांवर त्यांनी बोट ठेवले. मग म्हणाले, "गाडी वाईट न्हाई मास्तर. पन हिचं सामान कुठनं आननार? इंजिन रेनॉचं हाय, फ्रान्सचं. क्लच प्लेट गेली तर गडहिंग्लजात काय मिळनार हाय?"

मी ते ऐकले आणि न ऐकल्यासारखे करून गाडीत बसलो. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुढच्या अर्ध्या तासात मला जो आनंद झाला, तो खोटा नव्हता. 1149 सी.सी.चे ते इंजिन, ताकद साठ घोड्यांची, आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण गाडी हलकी, बसण्याची जागा जमिनीपासून वीतभर, आणि हातात पाच गिअरचा छोटा दांडा. आता बिनक्लचच्या मोटारी पुष्कळ आल्या आहेत. गिअर कधी बदलला हे चालवणाऱ्याला कळतही नाही. या गाडीत तसे नव्हते. वळण जवळ आले की कान इंजिनाकडे, पाय क्लचवर, हात दांड्यावर. तिघांचे जमले तर गाडी वाऱ्यासारखी निघते. चुकले तर गचका देऊन तुमची चूक तिथल्या तिथे तुमच्या पदरात घालते. मला वाटते, हातगिअरच्या गाडीचे खरे सुख वेगात नाही, ते या प्रामाणिकपणात आहे. ती चूक झाकत नाही. आणि त्याच वेळी माझ्या मनात आले, की वही घेऊन बसलो त्या रात्री माझ्या मनाने गिअर किती मुकाट्याने बदलला होता! हौसेवरून गरजेवर केव्हा आलो, ते मलाही कळले नव्हते.

घरी आलो आणि सौभाग्यवतींपुढे सारे मांडले. अर्थात कारणांसह. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "हौस म्हणून घ्यायची असेल तर घ्या. पण सोयीसाठी घेतो, घरासाठी घेतो, असं मला सांगू नका." मी गप्प. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींची ती जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते, ती काय सोयीसाठी येते? माणसं नुसती बघायला उभी राहतात. सगळंच उपयोगाचं असायला पाहिजे असं थोडंच आहे?"

वाचकहो, इथे माझी खरी पंचाईत झाली. तिने नको म्हटले असते तर मी मनातल्या मनात तिच्याशी भांडून जिंकलो असतो. तिने होकार दिला, आणि निर्णय माझ्या गळ्यात पडला.

संध्याकाळी मी खिंडीकडे फिरायला गेलो. नेसरीच्या माणसाला वेगाचा आणि वेडाचा विचार करायचा झाला, तर ती जागा टाळता येत नाही. 24 फेब्रुवारी 1674 या दिवशी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार इथे बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण पडले. आदल्या वर्षी उमराणीला हाती सापडलेल्या खानाला प्रतापरावांनी सोडून दिले होते, त्याबद्दल शिवाजी महाराजांची नाराजी त्यांच्या काळजाला लागली होती. व्यवहाराच्या कसोटीने पाहिले तर सरनोबताने सैन्य मागे ठेवून सहा माणसांनिशी घोडा टाकणे हे शहाणपण नव्हे. तरी आम्ही तिथे हात जोडतो. मग मनातला वकील पुढे झाला: या मातीत हिशेबाबाहेरचे वेड पूज्य मानले जाते, तर तुझ्या एका मोटारीने काय बिघडते?

त्या वकिलाला उत्तर द्यायला मला वेळ लागला. सात स्वारांचे वेड आणि मास्तराची साठ घोड्यांची हौस यांची तुलना करणेच हास्यास्पद, हे एक. त्यांनी स्वतःचा प्राण लावला, मी पासबुक लावणार होतो. पण दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. प्रतापरावांच्या त्या झेपेची किंमत एकट्या प्रतापरावांनी भरली नाही. राज्याभिषेकाला चार महिनेही उरले नसताना स्वराज्याचा सरनोबत गेला. मागे घरदार राहिले. पुढे 1680 मध्ये महाराजांनी प्रतापरावांच्या लेकीला, जानकीबाईंना, राजारामांसाठी सून करून घेतले. एकाच्या वेडाचे देणे असे दुसऱ्याला फेडावे लागते. थोर वेडाची ही गत, तर किरकोळ हौसेची काय सांगावी?

आणि मग मला त्या दोन जागा आठवल्या. आमच्या घरात माणसे चार. आईचे गुडघे इतके दुखतात, की ती पाटावरसुद्धा बसत नाही. त्या मोटारीत ती कधीही बसणार नव्हती, आणि बसली तर उठणार नव्हती. उरलेल्या एका जागेवर आज सौभाग्यवती, उद्या मुलगी. म्हणजे मोटार दर वेळी दारातून निघताना घरातले दोघे पायरीवर उभे राहणार. सव्वातीन लाख ही त्या मोटारीची विक्रीची किंमत होती. ही पायरीवरची माणसे मी हिशेबात धरलीच नव्हती. पासबुकातले पैसे माझे, हेही तितकेसे खरे नव्हते. त्या तीन कादंबऱ्या मी रात्री लिहिल्या तेव्हा आईचे औषधपाणी आणि मुलीचा अभ्यास कुणी पाहिला होता?

अजून एक प्रश्न मी स्वतःला विचारला. नेसरीत कुणीही पाहणार नसेल, तर ही मोटार मला हवी आहे का? उत्तर आले, निम्मी हवी. गिअरचा दांडा, वळण, इंजिनाचा आवाज, एवढी हवी. उरलेली निम्मी हवी होती ती बाजारपेठेतून जाताना लोकांनी वळून पाहावे म्हणून. आणि जी खरी निम्मी होती, ती तरी कुणाला हवी होती? वाचनालयात चित्र पाहणाऱ्या त्या अठरा वर्षांच्या पोराला. त्याला काही द्यावे असे फार वाटत होते. पण तो आता त्या पत्त्यावर राहत नाही. त्याच्या नावाने आलेली वस्तू सोडवून घेणारा मी पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ, माझ्या हाती ती पडली तरी त्याला पोचणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला फोन करून नको म्हणून सांगितले. मालकीबदलाचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म मी आणून ठेवले होते, ते मुलीने चिठ्ठ्या करायला घेतले.

मोटार घेतली नाही याला मी त्याग म्हणणार नाही. चार दिवस शिक्षकांच्या खोलीत मी साधेपणावर जरा जास्तच बोलत होतो. मग ध्यानात आले, की मोटार घेऊन जे मिरवायचे होते, ते मी न घेऊन मिरवीत आहे. तेव्हा तेही बंद केले. दुसऱ्या कुणी हौसेने अशी मोटार घेतली तर मी त्याला नावे ठेवणार नाही. त्याने ती हौस म्हणून घ्यावी, किंमत कोण कोण भरणार ते आधी पाहावे, आणि मग खुशाल छत उघडावे. मला मात्र अजून कधी कधी रात्री ते इंजिन ऐकू येते. वाईट वाटते. वाटू द्यावे.

मुलीला या वर्षी अठरावे संपले. तिने शिकाऊ परवाना काढला आहे. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा आमच्या जुन्या मारुतीला लाल 'एल' लावून आम्ही निघतो. पुढे ती आणि मी, मागे तिची आई आणि आजी. आजीला चढउतार सोपी पडावी म्हणून दाराजवळ एक लाकडी पाट ठेवला आहे. परवा खिंडीच्या चढावर गाडी दम खाऊ लागली. मी काही सांगणार, एवढ्यात मुलगी म्हणाली, "थांबा बाबा, मला ऐकू आलं." तिने क्लच दाबला, दांडा दुसऱ्या गिअरमध्ये ओढला. एक गचका बसला. मागून आई म्हणाली, "अगं, हळू!" आणि गाडी चढ चढू लागली.