हरकत नाही

आमच्या व्यवसायात 'हरकत नाही' हे दोन शब्द फार सोयीचे आहेत. प्रतिपक्षाच्या वकिलाने ते उच्चारले की न्यायाधीश पुढील कामाकडे वळतात. हरकत का नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. घरात या शब्दांचा अर्थ काय धरावा, हा प्रश्न गेल्या चैत्रात आमच्यापुढे उभा राहिला.

बडोद्याचा आमचा भाचा आपल्या नवपरिणीत पत्नीसह कुलदेवतेच्या दर्शनास आला होता. मंगेशीस अभिषेक झाला, प्रसाद झाला, आणि एक दिवस मोकळा उरला. सकाळी सत्तरीतील काजूची भट्टी पाहावी व संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर जावे, असा बेत त्या जोडप्याने केला. वाटाड्या म्हणून आम्ही. निघताना भाच्याने सर्वांदेखत विचारले, "मामा, तुम्ही वकील, शिवाय देवळाच्या कामातही असता. इथे घोटभर घेतली तर दोष आहे का हो?"

असा प्रश्न चारचौघांत विचारला की वकिलास स्फुरण चढते. आम्ही सांगितले, की संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदात मद्यबंदीचा प्रयत्न करण्याविषयी निर्देश आहे खरा, परंतु तो राज्यास उद्देशून आहे. गुजरातेत बंदी आहे, गोव्यात नाही. फेणीस तर 2009 साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आणि 2016 साली गोव्याच्या सरकारने तिला वारशाचे पेय ठरविले. आणि शास्त्र म्हणाल, तर मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मद्यास दोष न मानता ती प्राणिमात्राची प्रवृत्ती म्हटली आहे. निवृत्तीचे फळ मोठे, हे त्याच श्लोकाचे उत्तरांग आम्ही जरा हळू आवाजात सांगितले. अकराव्या अध्यायात सुरापानाची गणना महापातकांत केली आहे, हे तर सांगितलेच नाही. अनुकूल तेवढेच वाचण्याची ही सवय कचेरीतून घरी केव्हा आली, कोण जाणे!

भट्टीवर पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. झाडावरून आपोआप गळलेले बोंडू तेवढे वेचून आणलेले. त्यांच्या बिया निराळ्या काढून ते दगडी कुंडीत पायांनी तुडविले जात होते. चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर दगडाचे वजन ठेवले, की खाली थेंब थेंब गळतो तो निरो. हा गोड, ताजा असेपर्यंत निरुपद्रवी. तुडविलेला रस दोनतीन दिवस आंबवून भाणात उकळला की पहिल्या धारेचा हुर्राक, आणि पुन्हा उकळला की फेणी. भट्टीवाल्या म्हाताऱ्याने सूनबाईंच्या हाती पेला दिला आणि म्हणाला, "बाये, हो निरो. हातूंत नशा ना." त्यांनी तो घेतला. भाच्याने मात्र हुर्राक मागितला. पेला ओठांशी नेण्यापूर्वी त्याने पत्नीकडे पाहून विचारले, "तुझी हरकत नाही ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. भाच्याने घोट घेतला, वाखाणला, आणि फेणीची एक बाटलीही विकत घेतली. सूनबाईंचा निरो पेल्यात तसाच राहिला, हे आमच्या ध्यानात आले. परंतु ध्यानात येणे आणि विचारणे यांत अंतर असते.

संध्याकाळी मांडवी जेथे समुद्रास मिळते तेथे आम्ही बसलो. भाचा पाण्यात दूरवर गेला होता. सूर्य खाली उतरत होता. वाळूत रेघा ओढीत सूनबाई म्हणाल्या, "मामा, त्या भट्टीवर वास आला ना, तो आमच्या घरी बाबा आले की येत असे. तिकडे बंदी असूनही. आई दार उघडायची, आणि आम्ही बहिणी झोपल्याचे सोंग घ्यायचो."

आम्ही विचारले, "मग तुम्ही त्याला नाही का म्हटले नाहीत?"

"तुम्हीच सर्वांसमोर दोष नाही असे सांगितले होते. त्यावर मी काय बोलणार?"

1872 च्या करार कायद्यात संमती म्हणजे काय हे सांगितले आहे: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे. ती संमती स्वतंत्रही हवी. ज्याच्या शब्दास दुसऱ्याच्या इच्छेवर सत्ता चालविता येते, त्याने त्या स्थानाचा गैरलाभ घेऊन मिळविलेला होकार स्वतंत्र नव्हे. हे कलम आम्ही वर्षानुवर्षे न्यायालयात वाचीत आलो. म्हाताऱ्या आयांकडून जमिनी लिहून घेणाऱ्या मुलांविरुद्ध वाचले. घरातील वडिलकीचे आसन म्हणजेही असे सत्तास्थान असू शकते, हे आम्हांस त्या वाळूवर प्रथम उमगले. भाच्याने विचारले होते दोषाविषयी. आम्ही उत्तर दिले परवानगीविषयी. आणि ज्या व्यक्तीस खरोखर विचारावयास हवे होते, तिचे तोंड आमच्या उत्तराने आधीच बंद झाले होते.

समुद्राकडे पाहता आम्हांस मौसलपर्व आठवले. द्वारकेत मद्य करणारास सहकुटुंब सुळी देण्याची दवंडी पिटली होती. याहून कडक दारूबंदी कोणत्या सरकारने केली आहे? तरी प्रभासच्या किनाऱ्यावर यादव प्यालेच. परंतु कलह पेटला तो सात्यकीने कृतवर्म्यास झोपलेल्यांच्या वधाची आठवण देऊन हिणविल्यावर. जखम जुनी होती. मद्याने तिच्यावरचे पांघरूण काढले एवढेच. आमच्या सूनबाईंनी तर एक थेंबही घेतला नव्हता. त्यांची जखम नुसत्या वासाने उघडी पडली होती, आणि त्यांनी ती दिवसभर हाताने झाकून धरली होती.

भाचा ओलेता परत आला. त्याच्यापाशी आम्ही काही बोललो नाही. ते सांगण्याचा अधिकार सूनबाईंचा. त्यांनी ते त्याच रात्री सांगितले असावे, कारण सकाळी तो बाटली घेऊन आमच्या खोलीत आला. "मामा, ही बडोद्यास नेता येईल का?"

"गुन्हा होईल," आम्ही म्हटले.

"तसे विचारले नाही," तो म्हणाला, आणि बाटली मेजावर ठेवून गेला.

ती अद्याप आमच्या घरी आहे. आमच्या कुटुंबाने तिच्यावर 'औषध' अशी चिठ्ठी डकवून ती लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली आहे. तसे करण्यापूर्वी आम्हांस विचारले होते. आम्ही हरकत नाही म्हटले.