पाखराचा काल आणि उद्या

गेलेला काळ आठवणे आणि येणाऱ्या काळाची तजवीज करणे ही फक्त माणसाची शक्ती आहे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच जुना आहे. स्मृतीवरच्या आपल्या छोट्या ग्रंथात ॲरिस्टॉटलने ज्यांना काळाची जाणीव आहे अशा इतर प्राण्यांनाही स्मृती बहाल केली. मात्र विसरलेल्या गोष्टीचा माग काढत तिच्यापर्यंत पोहोचणे हे एक प्रकारचे अनुमान असल्याने ते माणसालाच साधते, असे त्याने ठरवले. विसाव्या शतकात विट्गेनश्टाइनने हाच प्रश्न भविष्याकडे वळवला. धनी दारात आला आहे असे कुत्र्याला वाटू शकेल. पण तो परवा येणार आहे असे कुत्र्याला वाटू शकते का? ज्याच्यापाशी ‘परवा’ म्हणायला भाषा नाही, त्याच्यापाशी परवा असतो का, असा हा पेच आहे.

मानसशास्त्रात या पेचाला नेमका आकार दिला तो एंडेल टुल्व्हिंग यांनी. १९७२ मध्ये त्यांनी स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. शिवरायांचा जन्म शिवनेरीवर झाला हे ठाऊक असणे ही एक स्मृती. शिवनेरी पहिल्यांदा चढलो तो दिवस आठवणे ही दुसरी. पहिलीत माहिती असते, दुसरीत स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग असतो, त्याच्या जागेसह आणि वेळेसह. ही प्रसंगस्मृती टुल्व्हिंग यांच्या मते केवळ मानवी होती. पुढे अनेकांनी त्यात भविष्याची कल्पना करण्याची शक्तीही जोडली आणि माणसाभोवतीचे कुंपण आणखी पक्के झाले.

या कुंपणाला धक्का दिला तो एका पक्ष्याने. निकोला क्लेटन या ब्रिटिश संशोधिका १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत काम करत होत्या. तिथल्या आवारात लोकांच्या दुपारच्या जेवणातले तुकडे पळवून जमिनीत लपवणारे स्क्रब जे पक्षी त्यांच्या नजरेस पडले. हा निळा-करडा पक्षी कावळ्याच्या कुळातला. आपल्याकडचा टकाचोर त्याचाच भाऊबंद. लपवलेला ऐवज हे पक्षी पुन्हा काढत आणि दुसरीकडे नेऊन पुरत. लपवणे हा स्वभावधर्म म्हणता येईल; पण कुठे, काय आणि केव्हा लपवले हे लक्षात राहिल्याखेरीज त्या लपवण्याचा उपयोग होत नाही.

१९९८ मध्ये क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच धाग्यावर उभा आहे. पक्ष्यांना वाळू भरलेले बर्फाचे ट्रे दिले. प्रत्येक ट्रे वेगळा ओळखू यावा म्हणून शेजारी लेगोचे रंगीत ठोकळे रचले. खाद्य दोन प्रकारचे होते, शेंगदाणे आणि मेणपतंगाच्या अळ्या. अळ्या या पक्ष्यांना फार प्रिय, पण त्या नासतात, दाणे टिकतात. आधी दाणे आणि १२० तासांनी अळ्या लपवायला देऊन त्यानंतर चार तासांनी ट्रे पुढे ठेवला, की पक्षी अळ्यांच्या जागा उकरत. क्रम उलटा केला, म्हणजे अळ्या पुरून १२४ तास झालेले असले, की अळ्या सोडून दाण्यांकडे वळत. वासाची मदत होऊ नये म्हणून चाचणीच्या वेळी खाद्य आधीच काढून टाकलेले असे. अळ्या नासतात हा अनुभव ज्यांना मिळू दिला नव्हता, ते पक्षी १२४ तासांनंतरही अळ्याच शोधत राहिले. म्हणजे काय, कुठे आणि किती काळापूर्वी या तिन्ही गोष्टी पक्ष्याच्या स्मृतीत एकत्र बांधलेल्या होत्या, आणि त्यांत अनुभवाचे ज्ञानही मिसळले होते. तरीही क्लेटन यांनी तिला प्रसंगस्मृती न म्हणता ‘प्रसंगसदृश’ स्मृती म्हटले. हा संयम महत्त्वाचा आहे: स्मृतीतला आशय तपासता येतो, ‘हे माझ्या बाबतीत घडले’ ही आतली जाणीव तपासता येत नाही.

२००७ मध्ये पाळी भविष्याची आली. काही सकाळी पक्ष्याला एका खोलीत ठेवून न्याहारी दिली जाई, काही सकाळी दुसऱ्या खोलीत उपाशी ठेवले जाई. मग एका संध्याकाळी, अनपेक्षितपणे, लपवता येतील असे अख्खे चिलगोजे पुढे आले. पक्ष्यांनी ते अधिक प्रमाणात उपाशी राहावे लागणाऱ्या खोलीत साठवले. दुसऱ्या प्रयोगात एका खोलीत न्याहारीला दाणे मिळत, दुसऱ्या खोलीत कुत्र्याचे खाद्य. पक्ष्यांनी प्रत्येक खोलीत तिथे न मिळणारे खाद्य अधिक ठेवले. या दुसऱ्या निकालाचे वजन जास्त आहे. निव्वळ भूक हेच कारण असते, तर खाद्याच्या प्रकाराची अशी उलटापालट झाली नसती.

नेथन एमरी आणि क्लेटन यांचा २००१ चा प्रयोग आणखी खोल जातो. लपवताना दुसरा पक्षी पाहत होता असे असले, तर एकांत मिळताच पक्षी आपला साठा नव्या जागी हलवत. पण असे करणारे पक्षी स्वतः पूर्वी दुसऱ्याचा साठा चोरून चुकलेले होते. ज्यांनी कधी चोरी केली नव्हती ते साठा हलवण्याच्या भानगडीत पडले नाहीत. स्वतःच्या करणीवरून दुसऱ्याचा हेतू ओळखणे, असा याचा एक अर्थ लागतो. तो सर्वांना पटलेला नाही. २०१२ मध्ये एका संगणकीय प्रतिकृतीने दाखवले, की केवळ ताणामुळे पक्षी अधिक लपवालपवी करतो असे मानले तरी तसेच निष्कर्ष निघू शकतात. पुढच्या वर्षी क्लेटन यांच्या प्रयोगशाळेने प्रत्यक्ष पक्ष्यांवर चाचणी घेतली; ताणाचे स्पष्टीकरण तिथे टिकले नाही. आक्षेप आणि उत्तर यांची ही देवाणघेवाण हेच या संशोधनाचे खरे बळ आहे, कारण तिच्यामुळे शतकानुशतके निव्वळ मतावर चाललेला प्रश्न चाचणीच्या कक्षेत आला.

भारतीय विचारात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आलेला आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत शंकराचार्य सांगतात, की हातात काठी उगारलेला माणूस दिसला की पशू पळतात आणि हिरवे गवत घेतलेला दिसला की जवळ येतात. माणसाचा व्यवहारही याहून निराळा नाही. त्यांना पशूला वर चढवायचे नव्हते. विद्वानाचा व्यवहारही अध्यासावरच, म्हणजे एका गोष्टीवर दुसरीचा चुकीने आरोप करण्यावरच, चालतो हे दाखवायचे होते. तरी समोरच्या खुणेवरून पुढचे जाणणे पशूंनाही आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. जैन परंपरा याहून पुढे जाते. अंड्यातून जन्मणारे जीव तत्त्वार्थसूत्रानुसार गर्भज ठरतात आणि असे पंचेंद्रिय जीव समनस्क, म्हणजे मन असलेले मानले जातात. भूत आणि भविष्य यांचा विचार करणाऱ्या शक्तीला आगमांत ‘दीर्घकालिकी संज्ञा’ असे नाव आहे. पक्ष्याला काल आणि उद्या असणे या चौकटीत आश्चर्याचे ठरत नाही. अर्थात ही मांडणी जीवांच्या वर्गीकरणातून आणि अहिंसेच्या चिंतेतून आलेली आहे. प्रयोगाने तिला दुजोरा मिळाला असे म्हणणे दोन्हींवर अन्याय करणारे होईल.

टुल्व्हिंग यांची अट मात्र अजून उभी आहे. भूतकाळ पुन्हा जगल्याची आतली जाणीव हीच प्रसंगस्मृतीची खूण मानली, तर स्क्रब जे त्या परीक्षेला बसूच शकत नाही, कारण उत्तर शब्दांत द्यावे लागते. पण तसे तर बोलू न लागलेले मूलही बसू शकत नाही. माणसाच्या बाबतीत जी जाणीव केवळ त्याच्या सांगण्यावरून मान्य होते, ती न बोलणाऱ्याला नाकारण्यासाठी न बोलणे एवढेच कारण पुरेसे नाही. दुसरा आधार मेंदूच्या रचनेचा होता, आणि तोही सैल झाला आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे समान पूर्वज ३० कोटी वर्षांपेक्षा आधीचे. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतले सहा थरांचे बाह्यक पक्ष्यांच्या मेंदूत नाही, पण कावळ्याच्या कुळातील आणि गाणाऱ्या इतर पक्ष्यांच्या, तसेच पोपटांच्या अग्रमेंदूत चेतापेशी अतिशय दाटीने रचलेल्या असतात. त्यामुळे आगाऊ तजवीज आणि कालबद्ध स्मृती या शक्ती एकाच प्रकारच्या मेंदूच्या मालकीच्या मानता येत नाहीत. दोन दूरच्या वंशांत त्या स्वतंत्रपणे घडल्या असाव्यात, असे एमरी आणि क्लेटन यांनी २००४ मध्ये मांडले.